माळ्यावरून पडलेला बर्फ

हवा माझ्या शब्दाबाहेर नाही! ही बढाई नाही, नोकरीचा अनुभव आहे. मिनेसोटातल्या आमच्या गावच्या शाळेत मी आयुष्यभर पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं, आणि त्यातही हवेचा दाब म्हणजे माझा हातखंडा. गावातला आजचा पोस्टमास्तर, दंतवैद्य आणि एक तुरुंगातला गृहस्थ, तिघांनाही पोकळी म्हणजे काय ते मीच समजावलंय. त्यामुळे आमच्या माळ्यावर उंदीर झाले आणि थंडी अडवायला तिथे पसरलेला सगळा काचेचा कापूस त्यांनी घाण केल्यामुळे ओढून काढायची वेळ आली, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं,

"लोर्ना, ओढणं म्हणजे शेवटी काय? हवेचा दाब! आणि या गावात हवेचा दाब म्हणजे कोण?"

"कोण?" लोर्ना म्हणाली. तिला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं संसार केलेल्या बायका अशा वेळी मुद्दाम विचारतात.

"मी!"

"बरं," लोर्ना म्हणाली आणि कणीक मळायला लागली. आमच्याकडे बायको नुसतं "बरं" म्हणाली की शहाण्या माणसाने तिथेच थांबावं. मी थांबलो नाही.

पण मुळात हे उंदीर उघडकीला कसे आले ते सांगतो. ईस्टरला आमची मुलगी ब्रिटा आली होती, कडेवर चार महिन्यांची इंग्रिड. आमची पहिली नात! दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर इंग्रिडने फटाफट शिंका दिल्या आणि ब्रिटाने नाक वर केलं.

"बाबा, हा वास कसला?"

"कसला वास?" मी आणि लोर्नाने एकदम विचारलं.

खरं तर वास आम्हाला हिवाळाभर येत होता. मला वाटायचं, लोर्नाने तळघरात आंबवायला ठेवलेल्या कोबीचा असेल. लोर्नाला वाटायचं, माझ्या मासेमारीच्या बुटांचा असेल. दोघंही एकमेकांचं मन राखून गप्प होतो. प्रेमळ माणसांच्या घरात वास फार दिवस टिकतो.

ब्रिटा नर्स आहे. तिने स्टूल ओढलं, माळ्याची झडप वर ढकलली, टॉर्च मारला आणि लगेच खाली उतरून हात धुवायला गेली. परत आली ती निकाल घेऊनच.

"वर उंदीर आहेत. दोन-चार नाहीत, वस्ती आहे! कापसात सगळीकडे लेंड्या. बाबा, मी इंग्रिडला या घरात आणणार नाही. आणि बाप्तिस्म्यानंतरचं जेवण इथे होणं शक्य नाही. मी मार्लिसला सांगते, त्यांच्याकडे करू."

मार्लिस म्हणजे आमच्या विहीणबाई, जावयाची, डेरेकची आई. तळ्याकाठी मोठं घर, पायाखाली गरम होणारी फरशी, खिडक्या अशा की बदकंसुद्धा आत डोकावतात. मला मार्लिसबाईंचा राग नव्हता. पण माझा बाप्तिस्मा झाला, ब्रिटाचा झाला, आणि दोन्ही वेळचं जेवण याच घरात, माझ्या आईच्या लांब टेबलावर वाढलं गेलं. लोर्नाने इंग्रिडची चाहूल लागल्या दिवसापासून त्या टेबलावरची पांढरी चादर धुऊन, इस्त्री करून तयार ठेवली होती. ब्रिटा गेल्यावर तिने ती चादर घडी केली आणि कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली. ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती चादर ठेवून बटाटे सोलायला बसली. ते मला बघवेना.

"लोर्ना," मी म्हणालो, "जेवण याच घरात होईल. बाप्तिस्म्याच्या आत मी माळा आरशासारखा करतो!"

उंदीर काढणाऱ्या लोकांना फोन केला तर ते म्हणाले, जूनपर्यंत वेळ नाही. बाप्तिस्मा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी होता.

"एल्रॉयला विचार की मदतीला," लोर्ना म्हणाली.

"मरून जाईन, पण एल्रॉयला विचारणार नाही!"

आता हा एल्रॉय कोण? आमचा शेजारी एल्रॉय नटसन. म्हातारा, उंच, कानावर झुलणारी लोकरी टोपी. त्याचं घर कोपऱ्यावर, गॅरेज पलीकडच्या रस्त्याला उघडतं, पण स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या दाराकडे. त्याची बायको बर्निस गेली त्या हिवाळ्यापासून त्याने एक नेम धरलाय. बर्फ पडला की उजाडायच्या आत हा आपलं नारिंगी यंत्र घेऊन येतो आणि माझ्या गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा सगळा बर्फ उडवून टाकतो. न सांगता, न विचारता! मी पडदा सरकवतो तेव्हा वाट साफ आणि एल्रॉय गायब. माझं स्वतःचं यंत्र गॅरेजमध्ये नव्यासारखं पडून आहे. कितीदा गजर लावून उठलो की आज त्याची वाट आपण साफ करायची! पण हा माणूस झोपतो तरी कधी कोण जाणे. आणि आमच्याकडे उपकार करणाऱ्याला "पुरे" म्हणायची सोय नाही. उलट उपकार करूनच सुटका होते, आणि ती संधी एल्रॉय देत नाही. माझ्या डोक्यावर त्याच्या उपकारांचा एवढा ढीग साचला होता की त्यात माळ्याची भर घालणं मला झेपलं नसतं.

तर मी एकट्याने कामाला लागलो. आधी सापळे लावले, शेंगदाण्याचं लोणी घालून. उंदीर सापडायचे बंद झाल्यावर भिंतीबाहेरची भोकं शोधली आणि त्यात भांडी घासायच्या तारेचा चोथा कोंबून वरून जाळी ठोकली. मग गुरुवारी दुकानातून भाड्याने ते ओढायचं यंत्र आणलं. यंत्र बाहेर उभं राहतं, त्याला अजगराएवढी नळी, नळी खिडकीतून थेट माळ्यावर. वर आपण नळीचं तोंड धरायचं, कापूस ओढला जाऊन खाली भल्यामोठ्या पांढऱ्या पोत्यांत भरला जातो. दुकानदार म्हणाला, "पोतं पाऊण भरलं की बदला हं."

मी हसलो. हवा दाबली की जागा कमी लागते, हे मी कोणाकडून शिकू!

तोंडावर मुखवटा, अंगात पांढरा कागदी झगा, डोळ्यांवर चष्मा, अशा अवतारात मी माळ्यावर चढलो. ब्रिटाने फोनवर बजावलं होतं, "कोरडं हलवू नकोस, आधी औषधाचं पाणी फवार, धूळ उडता कामा नये." मी फवारलं. हात सैल सोडून फवारलं! काचेच्या धाग्यांचा तो पांढराशुभ्र कापूस नुसता ओला नाही, निथळता झाला. आणि तो बाजूला सारताना मला तिथे काय दिसलं? सूर्यफुलाच्या बिया! ओंजळभर नव्हेत, घमेलंभर! कोपऱ्याकोपऱ्यात ढीग, टरफलांचा वेगळा ढीग, खाल्लेलं इकडे, शिलकीतलं तिकडे. आमच्या उंदरांचा संसार माझ्यापेक्षा टापटिपीचा होता.

मी टरफल हातात घेऊन विचार केला. आमच्या घरात सूर्यफुलाच्या बिया कोणी खात नाही. मग? खिडकीतून बाहेर पाहिलं आणि डोक्यात प्रकाश पडला. छपराच्या कडेला पक्ष्यांसाठी बियांचा डबा टांगलेला आहे. तो बर्निसने टांगला होता, तिला तिच्या खिडकीतून पक्षी दिसावेत म्हणून, आमच्या परवानगीने. आणि तो रोज भरतो कोण? एल्रॉय! म्हणजे माझ्या बर्फावर एल्रॉयचे उपकार, आणि माझ्या उंदरांवरही एल्रॉयचेच उपकार! मला हसावं की ओरडावं कळेना. मुखवट्यात दोन्ही अवघडच होतं.

संध्याकाळपर्यंत माळा लखलखीत झाला. नुसत्या तुळया आणि फळ्या. पुन्हा औषध मारलं, पुसून काढलं. खाली दारापुढे पोती उभी राहिली, एकेक पोतं लग्नाला आलेल्या मामासारखं टम्म. प्रत्येकात दीडपट माल मी दाबून बसवला होता.

"जरा जास्तच भरली नाहीत?" लोर्नाने विचारलं.

"लोर्ना! हवेचा दाब!"

"बरं," लोर्ना म्हणाली.

कचरा डेपो शुक्रवारी सकाळी उघडणार होता, म्हणून पोती तशीच ठेवली. त्याच सकाळी ब्रिटा घराचा वास घ्यायला येणार होती. लोर्नाने तिला गळच घातली होती, एकदा येऊन बघ, मग ठरव. मार्लिसबाई गाडी चालवत बरोबर येणार होत्या. सगळं त्या एका भेटीवर होतं. रेडिओवर सांगत होते की पहाटे थोडा बर्फ पडेल. इकडे एप्रिलमध्ये बर्फ पडला तर कोणी मान वर करूनही बघत नाही.

पहाटे बर्फ पडला नाही. पण पोती थंडीने गारठून कडक झाली होती. ती डेपोत न्यायला मी पिकअप मागे घेतली. हळूच घेतली हो! मागचा दांडा पहिल्या पोत्याला नुसता टेकला, आणि फट्ट! ते पोतं फाटलं, त्याच्या धक्क्याने दुसरं, दुसऱ्याने तिसरं. मी खाली उतरेपर्यंत गॅरेजपासून रस्त्यापर्यंत सगळी वाट पांढरी! ओला कापूस, वरून गोठलेला, खाली भुसभुशीत. अगदी जमिनीवर बेतून शिवलेली गादी! हवेचा दाब त्या दिवशी माझ्या बाजूने नव्हता.

मी खराटा आणि नवीन पोती आणायला आत धावलो. फार तर दोन कपाटं उघडली असतील, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

टर्रर्रर्रर्र!

हा आवाज मी झोपेतही ओळखतो. मी दाराशी आलो. एल्रॉय!

काय झालं असेल ते मला लगेच कळलं. उठला, रेडिओवर बर्फ ऐकला, खिडकीतून पाहिलं तर शेजाऱ्याची वाट पांढरीफटक. टोपी घातली, यंत्र काढलं, निघाला. आता त्याच्या स्वतःच्या दारात कण नाही, रस्त्यावर कण नाही, गवतावर कण नाही, मग फक्त टोलेफसनच्याच, म्हणजे माझ्याच दारात बर्फ कसा पडला, असा प्रश्न कोणालाही पडावा. पण मदतीला निघालेला मिनेसोटाचा माणूस प्रश्न विचारत नाही!

"एल्रॉय! थांब!" मी ओरडलो.

यंत्राचा आवाज आणि कानावर टोपी. त्याने मला पाहिलं आणि हात हलवला. मी दोन्ही हात हलवले. त्यानेही दोन्ही हात हलवले!

"अरे, तो बर्फ नाही!"

"अरे, आभार कसले!" एल्रॉय आनंदाने ओरडला आणि पुढे सरकला.

यंत्राच्या तोंडातून पांढरा फवारा उंच उडाला आणि कमान करून नेमका रस्त्याच्या बाजूला पडायला लागला. आणि त्याच क्षणी रस्त्याच्या बाजूला विहीणबाईंची गाडी येऊन थांबली. दार उघडलं. मार्लिसबाई उतरल्या. इस्त्रीचा निळा कोट, हातात काचेचं मोठं भांडं, भांड्यात हिरवी जेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा निळा कोट पांढरा झाला होता, केस पांढरे झाले होते, आणि हिरव्या जेलीवर मलईसारखा एक सुबक थर बसला होता.

तेवढ्यात यंत्राने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. काचेचे धागे त्याच्या पात्यांभोवती लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळले गेले होते. एल्रॉयने हातमोजा काढला, एक चिमूट उचलली, तळहातावर ठेवली आणि बराच वेळ निरखली.

"आर्विड," तो म्हणाला, "हा बर्फ वितळत नाहीये."

मार्लिसबाई हलल्या नव्हत्या. त्यांनी एक फुंकर मारून ओठांवरचा कापूस उडवला, भांडं थोडं वर उचललं आणि हसून म्हणाल्या,

"हे कुठे ठेवू?"

धन्य ते संस्कार! बाईंच्या भुवयांवर माझा माळा लटकत होता, आणि त्या जेली कुठे ठेवू विचारत होत्या.

"मार्लिस," मी म्हणालो. "हलू नका. तोंड उघडू नका. तो आमच्या माळ्यावरचा कापूस आहे. औषध मारलंय, पण... त्यात उंदरांच्या लेंड्या आहेत."

आता गेलं सगळं, असं मी मनात म्हटलं. लोर्ना दारात येऊन उभी होती, हातात कॉफीची किटली. तिच्या मनात कपाटाची वरची फळीच असणार. ब्रिटा गाडीतच होती, काच वर करून, दोन्ही हात डोक्यावर.

मार्लिसबाईंनी भांडं सावकाश जमिनीवर ठेवलं.

"उंदीर?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे उंदीर झाले होते?"

"झाले होते."

"देवा, तुझे आभार!" मार्लिसबाई म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंना धक्का बसला. पण त्या थांबेचनात!

"आमच्याकडे वटवाघळं आहेत! छपरात! हिवाळाभर होती, आता जागी व्हायला लागलीत! परवा एक जेवणाच्या टेबलावरून गेलं. माझा नवरा म्हणतो, कोणाला बोलायचं नाही, लोक काय म्हणतील. मी रोज देवाला सांगते, रविवारी पाद्रीबाबांच्या डोक्यावर बसू देऊ नकोस!"

"मग जेवणाला तुम्ही हो म्हणालात कशाला?" ब्रिटाने काच खाली केली.

"तू विचारलंस ना! नाही कसं म्हणू? मला वाटलं, लोर्नाला झेपत नसेल."

"मला?" लोर्ना पायऱ्या उतरली. "मला वाटलं, तुम्हाला हौस असेल. तुमची ती गरम फरशी..."

"माझे गुडघे पाहिलेत का? पस्तीस माणसांचं जेवण करायची हौस? लोर्ना, मी त्या दिवसापासून झोपले नाही हो!"

"मी पण नाही," लोर्ना म्हणाली.

मग आधी लोर्नाला हसू आलं, मग मार्लिसबाईंना, आणि त्या हसल्या तसा त्यांच्या डोक्यावरचा कापूस भुरभुर गळायला लागला. आमच्याकडच्या माणसांकडून मनातलं ऐकायचं असेल तर त्यांना आधी उंदरांच्या कापसात बुडवावं लागतं, हा शोध मी त्या दिवशी लावला.

लोर्ना त्यांना मागच्या दाराने घेऊन गेली. गरम पाणी, साबण, सगळं झालं. बाई बाहेर आल्या त्या माझा हरणाचं चित्र असलेला शिकारीचा सदरा घालून, आणि खरं सांगतो, निळ्या कोटापेक्षा बऱ्या दिसत होत्या. ब्रिटा तोवर मुखवटा लावून घरभर हिंडली. मग मुखवटा काढला आणि नाक वर केलं.

"वास नाही," ती म्हणाली.

"बघ! मी म्हटलं होतं—"

"पण बाबा, घर किती गार आहे!"

खरंच होतं. माळ्यावरचा कापूस गेला म्हणजे घराची टोपी गेली. तळघरातली घर तापवायची भट्टी आपली रात्रभर आकाश तापवत होती.

"रविवारपर्यंत नवीन कापूस भरला, दार-वाट साफ झाली, घर उबदार झालं, तर इंग्रिडला इथेच आणते," ब्रिटा म्हणाली. "नाहीतर चर्चच्या तळघरात सँडविच खाऊ. वटवाघळांत नाही आणि थंडीत नाही."

आता नवीन कापूस भरायचं यंत्र उलट असतं. खाली एकाने गठ्ठे फोडून यंत्रात टाकायचे, वर दुसऱ्याने नळी धरायची. एकट्याने होत नाही. डेरेक कामावर. लोर्ना माझ्याकडे बघत होती. तिने काहीच म्हटलं नाही, "बरं"सुद्धा नाही.

मी बाहेर गेलो. एल्रॉय तिथेच होता. एव्हाना त्याने मुखवटा कुठून तरी पैदा केला होता, आणि खाली वाकून कापूस हाताने गोळा करून पोत्यात भरत होता. पाऊण भरलं की पोतं बदलत होता! त्याचं नारिंगी यंत्र बाजूला पडलं होतं, मेलेल्या जनावरासारखं.

"आर्विड, माफ कर रे," तो म्हणाला. "चष्मा लावला नव्हता. लोर्नाच्या पाहुणीला मी... तुमचा समारंभ बिघडवला."

पुढचे शब्द माझ्या तोंडातून कधी निघाले नव्हते, त्यामुळे ते अडखळत निघाले.

"एल्रॉय, उद्या मला मदत करशील का? माझ्या एकट्याने होणार नाही."

तो सरळ उभा राहिला. टोपी काढली, परत घातली.

"तू मला विचारतोयस?"

"हो."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस," एल्रॉय म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "मला वाटायचं, माझं येणं तुला आवडत नाही. पण बर्निस गेल्यापासून पहाटे जाग येते, आणि मग अंथरुणात पडून काय करायचं? बर्फ पडला की बरं वाटतं. उठायला काहीतरी कारण लागतं रे."

मला भयंकर लाज वाटली. हा माणूस इतकी वर्षं माझ्या दारात एकटेपणा उपसत होता, आणि मी पडद्याआडून उपकार मोजत होतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडे एवढं म्हणजे गळ्यात पडून रडण्यासारखंच.

शनिवारी आम्ही दोघांनी माळा भरला. खाली एल्रॉय गठ्ठे फोडत होता, वर मी नळी धरून. मी वरून हवेच्या दाबाबद्दल काही सांगायचो, तो खालून म्हणायचा, "ऐकू येत नाही, आर्विड!" काम झकास झालं. दुपारपर्यंत घर असं उबदार झालं की लोर्नाने स्वेटर काढला, खुर्ची ओढली, वरच्या फळीवरची चादर काढली आणि आईच्या टेबलावर अंथरली. दोन्ही तळव्यांनी ती एकेक घडी सपाट करत होती. मी दारातून बघत उभा राहिलो.

रविवारी उजाडायच्या आत मला जाग आली. पडदा सरकवला. बर्फ! खराखुरा, आकाशातून पडलेला, वितळणारा बर्फ! आणि एल्रॉयचं यंत्र बिघडलेलं! इतक्या हिवाळ्यांत न मिळालेली संधी! त्याला आवाज जायला नको म्हणून मी माझं यंत्र काढलंच नाही. फावडं घेतलं, मागच्या गल्लीतून चोरपावलांनी पलीकडच्या रस्त्याला गेलो आणि एल्रॉयच्या गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट एकट्याने उपसली. कमरेचा काटा ढिला झाला, पण छाती फुगली. फिटलं, एकदाचं फिटलं, असं म्हणत मी घरी परतलो.

माझी वाट स्वच्छ होती. अगदी कडेपर्यंत. आणि तिच्या टोकाला, फावड्यावर रेलून, धापा टाकत एल्रॉय उभा होता.

"कुठे होतास?" त्याने विचारलं.

"तुझ्या दारात."

आम्ही दोघांनी एकमेकांच्या फावड्यांकडे पाहिलं.

"आपापलं केलं असतं तर लवकर उरकलं असतं," एल्रॉय म्हणाला.

"कॉफी तरी प्यायला मिळाली असती," मी म्हणालो. मग तो आत आला आणि आम्ही कॉफी घेतली.

बाप्तिस्मा सुरेख झाला. पाद्रीबाबांनी डोक्यावर पाणी घातलं तेव्हा इंग्रिडने त्यांचा कान धरला. जेवायला सगळे आमच्या घरी! हॅम, बटाट्याचं सॅलड, ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश, आणि मार्लिसबाईंची नवीन हिरवी जेली, यावेळी खऱ्या मलईची. लोर्ना टेबलाच्या टोकाला बसली होती, मांडीवर नात. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, या बाईसाठी मी अजून दहा माळे साफ करीन.

जेवण झाल्यावर एल्रॉय उठला. टोपी हातात, कान लाल.

"पोरीसाठी छोटीशी भेट आणली आहे," तो म्हणाला. "बाहेर आहे. खिडकीतून बघा."

सगळे खिडकीशी गेले. छपराच्या कडेला, बर्निसच्या जुन्या डब्याशेजारी, एक नवा कोरा डबा टांगलेला होता. जुन्याच्या दुप्पट! सूर्यफुलाच्या बियांनी काठोकाठ भरलेला!

"बर्निसला पक्षी आवडायचे," एल्रॉय म्हणाला. "म्हटलं, आजीकडे आली की हिलाही दिसतील. भरायची काळजी करू नका. रोज सकाळी मी येईन."

ब्रिटाने माझ्याकडे पाहिलं. लोर्नाने पाहिलं. बियांचं तिला मी सांगितलं होतं. आता खरं बोलायची वेळ, असं मी ठरवलं. शुक्रवारपासून खरं बोलल्याने सगळ्यांचं भलंच झालं होतं! मी तोंड उघडलं. तेवढ्यात एक इवलासा पक्षी आला, डब्याच्या काठावर बसला, बी उचलली, आणि इंग्रिड खदखदून हसली. आयुष्यात पहिल्यांदा! एल्रॉयच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं कशाला केलंस, एल्रॉय!" मी म्हणालो.

"अरे, आभार कसले!" एल्रॉय म्हणाला.

सोमवारी मी भाड्याची दोन्ही यंत्रं दुकानात परत द्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, काम झालं का नीट? मी म्हटलं, उत्तम झालं, हवा माझ्या शब्दाबाहेर नाही. मग जाळीची दोन भेंडोळी घेतली, तारेचा चोथा घेतला, आणि जाता जाता त्याला हळूच सांगितलं की पुढच्या एप्रिलसाठी ते ओढायचं यंत्र माझ्या नावावर राखून ठेव.